पाळण्याचा खांब

सेक्टर २, भिलाई
१० जानेवारी १९६०

ती. सिंधुताईच्या पायांशी मारोतीचा नमस्कार.

इथे सारे खुशाल. मथुरा म्हणते, पापड वाळत घातले की प्लांटची धूळ आधी चाखून जाते.

आपल्या उतईच्या बंगलीच्या पडवीतल्या दोन खांबांना वाळवी लागली आहे. मिस्त्री करवत घेऊनच आला होता, मी अडवलं. बाबांनी त्या घराला एक खिळा लागू दिला नाही, सारे जोड लाकडी खुंट्यांचे. पण त्या खुंट्या कशा काढायच्या ते तुलाच ठाऊक. सविस्तर लिही.

थोरल्या पोराला एका मोठ्या ठेकेदाराकडे लावायची खटपट चालू आहे.

तुझ्या मायेत वाढलेला,
मारोती

नागपूर
१६ जानेवारी १९६०

चि. मारोतीस सिंधुताईचे पोटभर आशीर्वाद.

लहानपणी बंगलीला अडगळ म्हणणारा तू, तुलाच तिची काळजी पडली! चष्मा दोनदा पुसून पत्र वाचलं.

आधी तुळईखाली टेकू दे. खुंट्या खैराच्या आहेत, बाहेरून बारीक, आतून जाड. म्हणून बाहेरून आत ठोकायच्या. मधल्या आधी, कोपऱ्यांच्या शेवटी. असं केलं तर अख्खी पडवीसुद्धा टवका न उडता सुटते. करवतवाल्याला चहा पाजून घरी पाठव.

मार्चअखेर कॉन्व्हेंटमधली नोकरी संपते. ठरल्याप्रमाणे पाडव्याला कायमची बंगलीत राहायला येते. बाबा मे महिन्यात खिडक्यांच्या झिलमिल्या उघडायचे आणि आमराईचा वारा थेट जेवणाच्या पानात यायचा, आठवतं?

मथुरेला व मुलांना जवळ घेतल्याचं सांग. लोभ आहेच, तो वाढावा.
सिंधुताई

उतई
२ मार्च १९६०

सिंधुबाईले चिंधूचा रामराम.

बाई, तीस वर्सं बंगली राखली, आता काय राखू? मारोतराव दोन ट्रक घेऊन आले. खांबं, तुळया, दारं, झिलमिल्या, सारं भरून नेलं. ठेकेदाराच्या नव्या कोठीले लावतेत म्हणे. वाळवी कायची जी? एका बी खांबाले नव्हती. मी आडवा झालो तं त्यायनं तुमचं पत्र काढलं, म्हणाले ताईनंच लिहून देल्लं. तुमचं अक्षर मी वळखतो. बाजूले झालो. कागद पाहू पाहू एकेक खुंटी काढली त्यायनं.

तुमी असं कावून लिहिलं, बाई? जोतं तेवढं उरलं. त्याच्यावर शेरडं बसून राहिली.

तुमचाच,
चिंधू

भिलाई
१८ मार्च १९६०

ती. ताईस नमस्कार.

तीन पत्रं टाकली, तुझं उत्तर नाही. चिंधूनं कळवलं असणार. वाळवी खोटी होती. ठेकेदार साहेबांना पडवी आवडली, बदल्यात थोरल्याला सुपरवायझर करतो म्हणाले. बापाच्या जागी तू असतीस तर काय केलं असतंस? आणि घर मोडलं कुठे, नुसती जागा बदलली.

पण पडवी उभी राहत नाही. खांब दिसायला सारखे, पण एकाच्या खाचेत दुसरा जात नाही. आतून मासा, घुबड, चांदणी असलं काहीबाही कोरलं आहे. मिस्त्री हसतो. साहेब म्हणतात, महिनाअखेर उभी झाली नाही तर कापून चौकटी करतील, आणि पोराचंही विसरा. ताई, या चित्रांचा अर्थ तेवढा कळव.

मारोती

नागपूर
२२ मार्च १९६०

मारोतीस,

थोरल्याला माझे आशीर्वाद. त्याचा यात दोष नाही.

बंगली बांधणाऱ्या पुंडलिक मिस्त्रीला आकडे वाचता येत नव्हते. म्हणून बाबांनी नऊ वर्षांच्या माझ्याकडून जोडीजोडीची चित्रं काढून घेतली आणि त्यानं ती कोरली. मासा पाण्यात जातो, घुबड ढोलीत. सगळ्या जोड्या मला पाठ आहेत. तू आधी खरं सांगितलं असतंस तर मी रडले असते, भांडले असते, पण त्या पोरासाठी कदाचित हो म्हटलं असतं. तू मला विचारलं नाहीस. माझ्याच हाताने माझं घर सोडवून घेतलंस. चिंधूला वाटतं, मीच ते लिहून दिलं. खोटं नाही ते.

रविवारी सकाळी मी उतईच्या जोत्यावर असेन. सारं लाकूड ट्रकमध्ये घालून तिथे आण. एकेक जोडी मी तिथेच सांगेन, दुसरीकडे कुठेही नाही. साहेबांना काय सांगायचं ते तू बघ. मला सांगताना तुला सुचलं होतंच.

एक जोडी मात्र आताच कळवते. उंबऱ्याजवळच्या खांबावर पाळणा आहे, तो हात कोरलेल्या तुळईत बसतो. तू तेव्हा पाळण्यात होतास. एका हाताने तुला झोका देत दुसऱ्या हाताने मी ते चित्र काढलं होतं.

पत्राच्या शेवटी लोभाचं लिहायची माझी रीत. आज ती जागा मोकळी सोडते.

सिंधू