बाईंचा आवाज बसला तेव्हा

प्रिय ताई,

तुझ्या ऑफिसच्या पत्त्यावर माझं पत्र बघून आधी घाबरशील, मग चिडशील. राहतो एकाच गावात आणि ही बया पत्र काय पाठवते! घरी सगळे खुशाल आहेत. मला तुझ्या लेकीबद्दल सांगायचंय, आणि ते तिच्या कानावर जाता कामा नये.

माझ्या घशाला सूज आली आणि डॉक्टरांनी बोलायलाच बंदी केली, तेव्हा तू पोट धरधरून हसली होतीस. जिच्या तोंडाला लहानपणापासून कधी कुलूप लागलं नाही, तिने मुकं राहायचं! आमच्या मोठ्या बाई मात्र हसल्या नाहीत. दुसरीच्या पोरांना न बोलता शिकवणार कसं, म्हणून त्या माझा वर्ग दुसऱ्या बाईंना द्यायला निघाल्या. मी पाटीवर लिहून लिहून त्यांच्या हातापाया पडले. मुलं वाचतील, मी ऐकेन, असं ठासून लिहिलं. मला वर्गाचा केवढा तोरा होता, तुला ठाऊकच आहे. रोज शेवटच्या तासाला मी गोष्टीचं पुस्तक वाचायचे आणि मग मुलं तेच पुस्तक घडाघडा वाचून दाखवायची. सगळ्यांत पुढे तुझी लेक, आपली भिंगरी. तूच नाही का पाहुण्यांसमोर तिला उभी करून वाचायला लावत, आणि मग कौतुकाने एकेकाच्या तोंडाकडे बघत!

पहिल्याच दिवशी मी खुर्चीत बसले आणि तिच्या हाती अस्वलाच्या गोष्टीचं पुस्तक दिलं. काय वाचलं म्हणून सांगू! आवाजात चढउतार, अस्वलाचा घोगरा स्वर, सगळं जिथल्या तिथे. "अस्वल हळूच पोळ्यापाशी आलं. ए खिडकीतल्या, पाय खाली घे. अस्वलाने वर पाहिलं. कोण खातंय रे मागे?" मधेमधे माझं पोरांना दटावणं जसंच्या तसं, आणि पान उलटण्याआधी माझं ते खाकरणंसुद्धा! वर्गात कुणीही हसलं नाही, ताई. त्यांच्या लेखी गोष्टच तशी होती. खिडकीतल्याने तर निमूट पाय खाली घेतले.

मला हसू आवरेना, पण मोठ्याने हसायचीही बंदी. रुमालात तोंड खुपसून बसले. मग उठून तिच्याजवळ गेले आणि पानावरच्या मधल्याच एका शब्दावर बोट ठेवलं. ती छताकडे बघायला लागली. पोरगी वाचत नव्हतीच गं, मला पाठ म्हणून दाखवत होती. आणि एकटी तीच नाही, अर्धा वर्ग! दुसऱ्या कुणाचं मूल असतं तर त्याच्या आईला तेव्हाच बोलावून घेतलं असतं. तुझा तो फुललेला चेहरा डोळ्यांसमोर आला आणि मला धीर झाला नाही.

दुसऱ्या दिवशी कपाटातून एक नवंकोरं पुस्तक काढलं. घर शोधत निघालेल्या कासवाची लांबलचक गोष्ट. त्यातलं अक्षरही मी कधी वर्गात वाचलं नव्हतं, म्हणजे पाठ असायचा प्रश्नच नाही. पहिले काही दिवस नुसती रड. भिंगरी पहिल्याच ओळीत अडकली आणि रडवेली होऊन माझ्याकडे बघायला लागली. एरवी मी शब्द पुरवून मोकळी झाले असते. आता काय पुरवणार, कपाळ? बसून राहिले. ती काना-मात्रा चाचपत, पुटपुटत राहिली. ला, लाट, लाटे, आणि एकदम "लाटेवर!" अशी काही ओरडली की शेजारच्या वर्गातल्या बाई धावत आल्या. तेव्हापासून साऱ्या वर्गाला नादच लागलाय. कुणी मधेच शब्द सुचवला की बाकीचे त्याच्यावर तुटून पडतात, "थांब ना, तिला काढू दे!" मोठ्या बाई पाहणीला म्हणून आल्या, मागच्या बाकावर बसल्या, आणि कासव खडकात अडकलं असताना घंटा झाली तर उठायलाच तयार होईनात. दुसऱ्या बाईंचं नावही मग कुणी काढलं नाही.

काल भिंगरीने अख्खं पान वाचलं. ओळीवर बोट फिरवत, ठेचकाळत. पाहुण्यांसमोर वाचते त्याच्या निम्म्यानेही झोकात नाही. माझे मात्र डोळे भरून आले. ताई, तुझी लेक वाचायला लागली! आता चारचौघांत अडखळली तर रागावू नकोस, आणि मधेच शब्दही पुरवू नकोस. मला फार फार आनंद झालाय.

आता पत्राचं कारण. डॉक्टरांनी परवाच बोलायची परवानगी दिली. घरात माझी अखंड टकळी सुरू आहे, सगळ्यांचे कान किटलेत. वर्गात मात्र मी अजून मुकीच आहे. कासवाचं घर थोडक्या पानांवर आलंय, आणि मी तोंड उघडलं की सगळी पोरं पुस्तक मिटून ऐकायला बसतील. तुला फोनच करणार होते, पण तुमच्याकडे फोन उचलतं कोण? भिंगरी! 'हॅलो' म्हटलं की संपलं, शाळा भरायच्या आत गावभर. म्हणून हे पत्र, आणि तेही ऑफिसात. वाचून झालं की तिथेच फाडून टाक. पर्समधून घरी नेऊ नकोस, ती पर्स उचकते. महिन्यापूर्वी चाललं असतं. आता ती हाती लागेल ते वाचते.

तुझीच, आणि शाळेत अजून मुकी,
धाकटी