सगळा बांध फिका

१९ एप्रिल
पाय अजून प्लास्टरमध्येच. नेमका फुलांच्या दिवसांत! सिफिस एकटाच वरच्या ऑलिव्हच्या बांधावर मधमाशीची फुलं बघायला जातो — रानातली ऑर्किडं ती, पाकळीवर जणू तपकिरी मधमाशीच बसलेली. आज धापा टाकत आला — "अगं, मधमाशीच्या फुलांत एक फिकं निघालंय! तपकिरीचा मागमूस नाही!" लग्नातही मला इतक्या हौसेनं हाक मारली नव्हती मेल्यानं.

तसं होतं कधीकधी. जात एकच, पण एकाचं तोंड दुसऱ्यासारखं नाही. कुणाची माशी रोड, कुणाची फुगीर, कुणाच्या अंगावर पिवळी नक्षी. आम्ही त्यांना गावातल्या माणसांची नावं देतो. सगळ्यांत जाडा तो पाद्रीबाबा.

२३ एप्रिल
आणखी फिकी सापडली म्हणतो.

२६ एप्रिल
आता सगळा बांधच फिका! शहरात, खानियाला, कालिओपीबाईंना फोन केला, त्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवतात. म्हणाल्या, "एखादं फिकं निघतं, जात तीच असते. पण सगळीच? बघायलाच हवं." मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात येणार.

सिफिस म्हणतो, "नवी जात निघाली तर तुझं नाव द्यायला लावतो." मी हसण्यावारी नेलं. पण खोटं कशाला लिहू — फार बरं वाटलं.

२८ एप्रिल
कॉफीच्या दुकानात मार्कोसनं सगळ्यांसमोर विचारलं, "काय रे सिफिस, तुझ्या माश्यांना कावीळ झाली म्हणे?" सगळे खिदळले. घरी आला तो तोंड पाडून. जेवायला त्याच्या आवडीच्या गोगलगाई रांधल्या होत्या, शिवलासुद्धा नाही. "बाई येऊ देत, मग बघतो एकेकाला!"

मरियामाते, त्याचं खरं ठरू दे गं. या वयात हसं नको.

१ मे
आज मे महिन्याचा पहिला दिवस, दाराला रानफुलांचं गोल कडं टांगायचा. दरवर्षी मी गुंफते, यंदा त्यानं गुंफलं. आणि त्यात चक्क मधमाशीची फुलं! एरवी कुणाला हात लावू देत नाही. मला खुर्चीसकट उंबऱ्याशी ओढलं. "बघ! आहे एक तरी तपकिरी? आता बोलू दे मार्कोसला!"

सगळी तपकिरी होती. चांगली गडद, मखमली. मध्ये रानटी खसखशीची लालभडक फुलं. मी विचारलं, ही कुठून आणलीस?

"ही राखाडी होय? कुंपणापाशी होती."

मी म्हटलं, कडं छान झालंय.

२ मे
कालिओपीबाईंना फोन केला. म्हटलं, फुलं बघायला येऊ नका, ती नेहमीसारखीच आहेत. सिफिसला घेऊन मीच येते — तिकडे डोळ्यांचा चांगला डॉक्टर कोण, तेवढं सांगा.