हॅनाचं माहेर

प्रिय हॅनाआजी,

तू कुणाची मुलगी? पाच महिने शोधतेय, पण मला सांगता येत नाही.

दुबईत मनखूलच्या एका छोट्या ऑफिसात मी लोकांच्या वंशावळी शोधते. तुझ्या वंशातला एक अमेरिकन गृहस्थ आमचा क्लायंट आहे. अमेरिकेवर इंग्रजांचं राज्य होतं तेव्हाची तू, आणि माझ्या घरातली पहिली ग्रॅज्युएट मी. स्कॅन केलेल्या कागदांत तुला हाका मारत बसते!

सुरुवातीला चुकले मीच. लग्नात माझी आई मंगलची सुनंदा झाली; बाबांनी ताटातल्या तांदळांत अंगठीने ते नाव लिहिलं. मला वाटलं, हॅना हेही सासरचंच नाव असणार. म्हणून तीन आठवडे हॅना सोडून तुझ्या गावातल्या बाकी सगळ्या मुली धुंडाळल्या. आमच्या ऑफिसचे मालक प्रधान सर पोट धरून हसले. "अगं बाई, तिकडे फक्त आडनाव बदलतं!"

शेवटी तुझ्या नवऱ्याच्या मृत्युपत्रात सापडलीस. 'माझी बायको हॅना' हिला एक पलंग, तपकिरी गाय आणि उत्तरेकडची खोली, तीही दुसरं लग्न करेपर्यंत. ते मिळाल्याच्या पावतीवर तुझ्या सहीच्या जागी नुसती फुली. रागावू नकोस, पण बापाचं नाव तरी कुणाला लिहायला सांगायचंस!

क्लायंटला तुझा बाप म्हणून तिथला श्रीमंत गिरणीवाला हवाय. त्याला हॅना नावाची मुलगी होती आणि वय जुळतं. पुरावा एवढाच.

"टाक त्याचं नाव. खलास!" सर म्हणाले. "तीनशे वर्षांपूर्वीची बाई तक्रार करायला येणारे का?"

"पण सर, ती दुसरीच हॅना असली तर?"

"मॅडम, तुमचं प्रोबेशन संपायचंय अजून."

तू येणार नाहीस, हे खरंच. म्हणून तर हे पत्र.

शुक्रवारी अबू धाबीजवळ मुसफ्फाला घरी गेले आणि सगळं सांगितलं. वेल्डिंग करून दमलेले बाबा म्हणाले, "नोकरी सांभाळ, बेटा." आई मात्र पोळी लाटता लाटता थांबली. "मला सुनंदा होऊन तीस वर्षं झाली. पण मंगल कुणाची, ते मला ठाऊक आहे. त्या बिचारीला भलत्याच्या घरची करू नकोस."

आजी, शब्द देते. नोकरी राहो न राहो, तुझे खरे आईवडील मी शोधत राहीन. अहवाल आज दुपारी पाठवला. त्यांच्या जागी लिहिलं आहे : अद्याप सापडले नाहीत.

तुझी कुणीच नसलेली,
अश्विनी