वैशाखातली गोधडी

बाबा, परवा सिहोऱ्याला उन्हाळ्याचं आरोग्य शिबिर होतं. रक्तदाब मोजून घ्यायला गेलो. समोर एक पोरसवदा नर्सबाई. तुम्ही असता तर आधी तिच्याकडून एखादा शब्द आठही विभक्तींत चालवून घेतला असता. ती समजावून सांगत होती, "काकाजी, ऊन लागलं का आंग तापते, घाम बंद होते, माणूस बडबडते. तो साधा ताप नोहे. पांघरूण घालू नका. सावलीत न्या, ओल्या फडक्यानं पुसा, वारा घाला. होशात असंन तं पाणी पाजा, अन् लगेच दवाखान्यात आणा." बाजूची म्हातारी म्हणाली, "अवो बाई, आमी तं तापात पानीच देत नाही!" सगळे हसले. मला हसू आलं नाही.

तुमच्याकडे शिंकेपासून संसारापर्यंत प्रत्येक गोष्टीला श्लोक होता. अनुष्टुभात न बसणारं दुखणं तुम्ही दुखणं मानतच नसा. गावही मानायचं, गुरुजींनी संस्कृतात सांगितलं म्हणजे निम्मं औषध पोटात गेलंच. त्या वैशाखात आई उन्हाळी धान कापून दुपारी परतली आणि स्वयंपाकघरातच भिंतीला टेकून बसली. तुम्ही कपाळाला हात लावला आणि निदान करून मोकळे झालात. "ताप आहे. लंघन. पाणी बंद. गोधड्या आणा, घाम फुटला का उतरते." मी एकोणीस वर्षांचा, कॉलेजातून सुट्टीवर आलेला. तुम्ही श्लोक सुरू केलात, मी पुरा केला.

गोधडीखाली आई कोरडी ठणठणीत आणि तव्यासारखी तापलेली. "बाबू, काढ ना रे हे. जीव घाबरून राहिला. घोटभर पानी दे." तुम्ही म्हणता, "ताप बोलून राहिला तो. लक्ष देऊ नको." मग ती मला तिच्या मेलेल्या भावाच्या नावानं हाका मारू लागली. दिवेलागणीला त्याही थांबल्या. ताप डोक्यात गेला, असं तुम्ही सांत्वनाला येणाऱ्या प्रत्येकाला सांगितलंत. श्लोकावर कोणी बोट ठेवलं नाही.

पुढे तो श्लोक ज्या वैद्यकग्रंथातला, तो मी स्वतः उघडला. तापातही तहानलेल्याला पाणी द्यावं, असं तिथे स्वच्छ लिहिलंय. तुम्हाला अर्धंच पाठ होतं, बाबा, आणि तेवढ्या भांडवलावर तुम्ही जन्मभर गावाचे धन्वंतरी! हे तोंडावर सांगायचं धैर्य मला तुम्ही गेल्यावर आलं. मुलगा पराक्रमी निघाला.

या पत्राला पत्ता नाही हे बरंच आहे; यापुढचं तुम्ही वाचलेलं मला सोसणार नाही. त्या दुपारी तुम्ही मध्ये अर्धा तास अंगणात लोकांशी बोलत होतात. आत आई आणि मी दोघंच. माठ हाताशी होता. तिनं पुन्हा मागितलं. तुमचं चुकतंय असं मला तेव्हाच वाटत होतं. पण तो श्लोक पुरा केल्यावर तुम्ही आयुष्यात पहिल्यांदा मला शाबासकी दिली होतीत, आणि ती मला गमवायची नव्हती.