बारातो म्हणजे स्वस्त

मंगळवार संध्याकाळ, इंदापूर

डाळिंबाचा सौदा झाला. स्पेनचा व्यापारी येणार म्हणून महिनाभर मोबाईलवर भाव करायचे स्पॅनिश शब्द घोकले होते. कारो म्हणजे महाग, बारातो म्हणजे स्वस्त. मी भाव सांगताच त्यानं हात मिळवला. मग सोबत्याकडं वळून हळूच म्हणाला, "मुय बारातो." फारच स्वस्त. मी हसत राहिलो.

बावड्याच्या तात्यांनी सगळ्या बागेचा माल माझ्या भरवशावर विकायला दिलेला. शेजारीच उभे होते.

"काय म्हणला रं त्यो?"

"माल आवडला म्हणतोय, तात्या."

"मग! आपला माल हायच तसा."

खरं का नाही सांगितलं? लाज वाटायला हवी, निदान स्वतःचा राग तरी. काहीच वाटत नाही. नुसतं ते बारातो ऐकू येतंय.

जाताना तात्या म्हणाले, "पुढल्या सालीबी भाव तूच ठरव."

मी बरं म्हणालो.