डोळ्याच्या कोपऱ्यातून

मंगळवार, १२ जानेवारी १९८८

आज आमच्या ह्यांना घेऊन डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेलते. काचबिंदूच निघाला; कडेची नजर गेलीय म्हणाले. त्यावरचं लेझर दोन तऱ्हेचं असतं म्हणे. एकानं बुबुळाच्या पडद्याला बारीक छिद्र पाडतात, दुसऱ्यानं डोळ्यातल्या पाण्याची तुंबलेली वाट मोकळी करतात. ह्यांना दुसरं लागू पडेल, पण त्यासाठी पुण्याला जायचं.

"मग कडंचं दिसंल की?" ह्यांनी विचारलं.

"गेलेली नजर परत येत नाही. आहे ती टिकवायची," डॉक्टर म्हणाले.

हे पुण्याच्या गाडीचं विचारू लागले. मी मात्र त्या कडेच्या नजरेतच अडकले. सासूबाई समोर असल्या की हे मान न वळवता डोळ्याच्या कोपऱ्यातून माझ्याकडं बघायचे. सगळा संसार त्या नजरेवर झाला. ती कधी गेली? मला कळलं कसं नाही?

संध्याकाळी बाहेरच्या सोप्यात नेहमीसारखी ह्यांच्या शेजारी बसले, तर म्हणाले, "कुठं हायस गं?"

उठून समोर बसले. "आता दिसतंय?"

"व्हय की."

मग कितीतरी वेळ सरळ माझ्याकडं बघत राहिले. सूनबाई चहा घेऊन आली तरी नजर काढली नाही. या वयात मीच लाजले.

देवा, एवढी समोरची तरी राहू दे.