मामांच्या टबातलं बाळंतपण

तीर्थरूप मामीस,
भाच्याचा नमस्कार. (पाठ धरली असल्याने अर्धाच वाकून.) मामांचा गुडघा कसा आहे? लेकीकडे आहात तर चांगले राहा. डॉक्टर काहीही म्हणोत, गुडघ्याच्या बाबतीत घाई बरी नव्हे. इथे तुमचं घर मी डोळ्यांत तेल घालून सांभाळतो आहे.

खाणीच्या तळ्यावरच्या निळ्या टाचण्या तुला आठवतात ना? चतुरांच्या या काडीएवढ्या चुलत बहिणी आता फक्त त्या एका तळ्यावर उरल्यात. त्यांना वाचवायला आम्ही मंडळ काढलं. मंडळ काढलं की काहीतरी करून दाखवावं लागतं, म्हणून आम्ही तळं साफ केलं! पाणी उपसलं, गाळ काढला, पाणवनस्पती उपटून काठावर ढीग रचला आणि ढिगापुढे फोटोही काढला. (गुडघाभर चिखलात हसणारा तो मी.) तेवढ्यात आमच्या अध्यक्षीणबाईंनी एक देठ उन्हात धरून पाहिला आणि त्या मटकन खाली बसल्या. टाचणीची मादी अंडी घालते ती या देठांच्या आत. तिला दुसऱ्या कुणी पळवू नये म्हणून नर तोवर शेपटीच्या टोकाने तिची मान धरून बसतो. वेळ पडली तर तिच्याबरोबर पाण्याखालीही जातो. (मामा रस्ता ओलांडताना तुझं कोपर धरतात, तसाच.) एवढी राखण करून बिचाऱ्याच्या नशिबी शेवटी आमचं मंडळ आलं.

देठ सुकले असते तर वंशच बुडाला असता, आणि तळं झऱ्याने पुन्हा भरायला पंधरवडा तरी हवा. मग बादल्या भरभरून सगळा ढीग मी एका सुरक्षित, सावलीच्या, पांढऱ्याशुभ्र जागी हलवला. पाठ तिथेच गेली. काळजी नसावी.

तुझा भाचा

ता. क. ती जागा म्हणजे मामांचा नवा टब. (ज्यात ते तुलाही पाय बुडवू देत नाहीत, तोच.) शनिवारी परतायचं म्हणताय, पण आठवडाभर तरी त्यांना तिथेच धरून ठेव. कोपर, मान, जे हाती लागेल ते.

ता. क. दुसरा. (पत्र दोन दिवस खिशातच राहिलं.) मामा, मामीची पत्रं तुम्हीच आधी फोडता हे ठाऊक आहे. खुशाल रागवा, पण शनिवारीच या. आज सकाळी पिल्लं बाहेर आली! तिळाहून लहान, पण काय तोरा! तळ्यातही पिल्लांपुरतं पाणी चढलंय. पहिली बादली तुमच्याच हातून सोडायची, असं मंडळाने एकमताने ठरवलंय. तोवर आंघोळ लेकीकडेच उरकून निघा.